तेच गाणं, दुसरा ठेका

"खाली बघून बोलू नको!" गुंडप्पा ओरडले. "वर बघ. खाली बघून बोलणाऱ्यावर माझा विश्वास न्हाई."

अमरेशने हातातलं रेकॉर्डचं कव्हर बाजूला ठेवलं आणि मान वर केली. लातूरहून एसटीत आंबून नांदेडला आलेल्या माणसाशी बोलायची ही काय रीत झाली? पण करतो काय? त्याला हवी असलेली रेकॉर्ड समोरच्याच कपाटात होती.

अमरेशचं लातूरला फरशीचं दुकान. पुण्याच्या हॉस्टेलात असताना त्याला एक नाद लागला, तो सुटलाच नाही. अमेरिकेतल्या काळ्या गायकांची सोल गाणी जमैकातल्या मंडळींनी रेगेच्या ठेक्यावर पुन्हा गायली, त्या रेकॉर्डी तो जमवायचा. गाणं तेच, शब्द तेच. पण ठेका रेंगाळलेला आणि बास पोटात घुमणारा. त्यातल्या एका रेकॉर्डसाठी तो कितीतरी वर्षं झुरत होता. मुंबई झाली, दिल्ली झाली, परदेशातले विक्रेते झाले. शेवटी फेसबुकवर तिचा फोटो दिसला, तो नांदेडच्या एका म्हाताऱ्याने टाकलेला.

मूळचे निलंग्याचे गुंडप्पा तरुणपणी मालवाहू बोटीवर, इंजिनखोलीत कामाला होते. समोर बसलेल्या माणसाशीही या बांधावरून त्या बांधावर बोलावं तसं बोलत. "बोटीवरची सवय," म्हणत. फोन उचलत नसत. मनात आलं की मेसेज टाकत, 'रविवारी ये,' की अमरेश निघाला.

"विकायची न्हाई," पहिल्याच भेटीत त्यांनी बजावलं होतं. "तशीच देईन. पण आधी तू गाणं ऐकतो कसा, ते बघू दे."

तेव्हापासून हा छळ चालू होता. हवी ती रेकॉर्ड राहायची कपाटात. गुंडप्पा भलतीच एखादी लावत, तीही इतक्या मोठ्या आवाजात की खिडकीची तावदानं थरथरत. अमरेशला उजेडात समोर बसवत आणि गाणं संपलं की परीक्षा. मूळ गाण्यात तो 'थांब' म्हणायच्या आधी श्वास घेतो, इथं घेतो का? मागं गाणाऱ्या पोरी कुठं येतात? ड्रम कसा वाजून राहिला? अमरेश घसा कोरडा पडेपर्यंत सांगायचा. बरोबर की चूक, ते म्हातारा कधी सांगायचा नाही. "बरं," एवढंच म्हणायचा. "पुढच्या बारीला बघू."

"ते म्हातारं तुम्हाला खेळवून राहिलंय," त्याची बायको ऋतुजा म्हणायची. "सुट्टीच्या दिवशी पोरं तुमची वाट बघतात, आणि तुम्ही अहमदपुरातून फोन करता, गाडी बंद पडली म्हणून!"

आजही गाडी बंद पडली होती. रस्त्याकडेला उन्हात उभं राहून अमरेशने मनाशी ठरवलं होतं, ही शेवटची खेप.

"ही आजवर कुणापुढं लावली न्हाई," गुंडप्पा एक रेकॉर्ड जपून बाहेर काढत म्हणाले. "हिचं मूळ गाणं आम्ही बोटीवर लई ऐकायचो. शरणम्माशी माझं लग्न ठरलं, ते त्याच साली."

सुई टेकली. आणि नेमकं आजच गाणं असं निघालं की अमरेशच्या अंगावर काटा आला. मूळ गाण्यातला माणूस निघालेल्या बाईची विनवणी करतो. हा विनवणी करत नव्हता. ती परत येणारच, अशा खात्रीने दारात बसून गात होता. मागून ट्रॉम्बोनचा पितळी सूर यायचा, तो जणू कुणी जवळ येऊन खांद्यावर हात ठेवावा तसा.

गाणं संपलं.

"सांग," गुंडप्पा पुढे सरकून म्हणाले.

तोच परीक्षा घेणारा चेहरा. अमरेशचं डोकं सणकलं. नाहीच सांगणार.

"बेकार आहे, अप्पा," सरळ त्यांच्याकडे बघत तो म्हणाला.

"काय? परत सांग."

"बेकार! पार वाटोळं केलंय मूळ गाण्याचं. गाणारा नुसता जांभया देतोय. हे कशाला जपून ठेवलंत?"

गुंडप्पांनी रेकॉर्ड उतरवली. रेकॉर्ड कव्हरात घालून त्यांनी ती कपाटाच्या तळाला सारली. मग अमरेशला हवी असलेली रेकॉर्ड काढून त्याच्या हातात ठेवली.

"ने. आता येऊ नको."

"रागावलात काय, अप्पा?"

"न्हाई. झालं माझं."

अमरेश बाहेर पडला तो हवेतच. म्हणजे म्हाताऱ्याला खडखडीत बोलणाराच माणूस हवा होता! हे आधी कळलं असतं, तर इतक्या खेपा वाचल्या असत्या.

फाटकापाशी शरणम्मांनी त्याला गाठलं. हातात धपाट्यांची पुडी होती.

"मिळाली, काकू!" त्याने रेकॉर्ड दाखवली. "संपली एकदाची परीक्षा."

"परीक्षा कसली, बाबा?" शरणम्मांनी मागे वळून खोलीकडे बघितलं. "आता तुमची वस्तू तुम्हाला मिळाली, आता सांगते. त्यांनी सांगू दिलं न्हाई. म्हणायचे, कळलं तर माझ्याकडं गाणी ऐकायला कोण येईल? आमच्या लग्नानंतर बोटीवर स्फोट झाला, तवाच दोन्ही कान गेले. जुनी गाणी तेवढी ध्यानात हैत. ह्या रेकॉर्डी सगळ्या त्याच्या नंतर घेतलेल्या. तुम्ही तोंडानं सांगता ते ओठांवरून वाचतात, तेवढंच त्यांना ऐकू येतं."