हुडहुडी

नवऱ्याचा जबडा हलला, तेव्हा पडद्याआड त्याच्याजवळ ती एकटीच होती.

तिने श्वास रोखून पुन्हा पाहिलं. तोंडात नळी, डोळे मिटलेले, पण हनुवटीखाली बारीक थरथर होती. काल जिन्यात कोसळल्यापासून त्याने केलेली ही पहिली हालचाल. तिला रडूच फुटलं.

त्याच्या छातीवर आणि मांड्यांवर गार पाणी खेळवणाऱ्या गाद्या गुंडाळल्या होत्या. यंत्राने अंगाचं तापमान तेहतीस अंशांवर धरून ठेवलं होतं. आणि हा माणूस कसा, तर भर उन्हाळ्यात पंखा एकवर ठेवणारा. ती पाचवर करायची, तिची पाठ वळली की हा गुपचूप एकवर आणायचा. भावंडं त्याला 'कुडकुड्या' म्हणायची. सकाळी तिने त्याचा स्वेटर आणला, तर सिस्टरने तो हातानेच अडवला होता.

"काकू, हा नंतर. हृदय थांबलं होतं तेवढा वेळ मेंदू उपाशी राहिला ना, त्याला आता गारच ठेवायचं. आणि हे बघा, कुडकुडायला लागले तर लगेच हाक मारा. कुडकुडलं की अंग तापतं, मग सगळ्यावर पाणी."

हाक मारायची, एवढंच काम. पण तिची जीभ उचलेना. सिस्टर औषध देणार आणि हा पुन्हा ओंडक्यासारखा पडणार. तिने त्याच्या हनुवटीला तळवा लावला. कातडी गार पडली होती. पण त्या गार कातडीखाली त्याला थंडी वाजत होती. म्हणजे आत तो होता, आणि त्याला पंखा बंद हवा होता.

थोडा वेळ, तिने स्वतःला सांगितलं. अगदी थोडा.

यंत्रावर तेहतीसच्या पॉइंटपुढचं शून्य जाऊन दोन आला. मग चार.

"सिस्टर," ती म्हणाली. मग मोठ्याने पुन्हा हाक मारली.

सिस्टर शेजारच्या खाटेजवळून आली. तिने जबड्याला दोन बोटं लावली आणि सुई न टोचता सलाईनच्या नळीतूनच औषध सोडलं.

"बरं झालं लगेच सांगितलंत."

तिने मान खाली घातली. "आता हलणार नाहीत ना?"

"नाही. उद्या हळूहळू ऊब द्यायची, औषधं थांबवायची. मग बघू."

"मला ओळखतील?"

"ते आज नाही सांगता येत, काकू."

तळव्याखालची थरथर विरळ झाली. मग थांबली. तिने हात तसाच ठेवला, पुन्हा काही जाणवतंय का म्हणून. काही नाही. सवयीने तिने त्याची चादर गळ्यापर्यंत ओढायला घेतली, अर्ध्यावर थबकली आणि होती तशी खाली सारली.

तिला जन्मात कधी थंडी वाजली नव्हती. आता त्याचा स्वेटर छातीशी धरून, दातावर दात आपटत, ती त्याच्या वाटणीचं कुडकुडत बसली.