पट्ट्याला लागलेलं क्रीम

"लायसन दाखवा, पट्टा न्या," म्हणून फौजदारांनी हिंदूराव वस्तादांचा दांडपट्टा तालमीतून जप्त केला होता. त्याच पात्यानं वस्तादांनी उडत्या माशीचा एकच पंख उतरवला होता, पण कायद्याला माशीची साक्ष चालत नाही.

बारा खेटे घालून लायसन मिळालं. खंडेनवमीच्या पूजेला पट्टा हवाच, म्हणून वस्ताद आदल्या सकाळीच चौकीत पोचले. पट्टा टेबलावर होता, पात्याला गुलाबी क्रीम फासलेलं.

"काल साहेबांचा केक कापला," हवालदार हसला. "पुसून देतो की, वस्ताद!"

वस्तादांनी लायसन परत खिशात घातलं. "माझ्या हातात हत्यार, अन् तुमच्या हातात सुरी व्हय? ठेवा तुमच्याकडंच, पुढच्या वाढदिवसाला लागंल."

खंडेनवमीला तालमीत पाटावर नुसती काठी होती. वस्तादांनी तिलाच हळद-कुंकू वाहिलं.