एकही पायरी नाही

"फारुक, आता डावीकडं खाडी आहे बरं का. भरती आलीय. वारा ऐकू येतो ना?"

सायकल चालवता चालवता इशरत पुढच्या टोपलीतल्या टेपरेकॉर्डरशी बोलत होती. समोरून सायकलवर येणारी कॉलेजची दोन पोरं फिसकन हसली. हसू देत! त्र्याऐंशी साल होतं ते. गल्फला गेलेल्या माणसांपर्यंत घरची ख्यालीखुशाली तेव्हा कॅसेटीतनंच पोचायची. कुणी घरात बसून बोलायचं, ही सायकलवरून बोलत होती, एवढंच.

लग्नाचं वर्ष सरायच्या आतच फारुक कुवेतला गेला, बांधकामावर. त्याआधी दोघं सायकली काढून याच खाडीकाठानं फिरायची. चिऱ्यांचे ट्रक अंगावर यायचे, धुरळ्यानं तोंड भरायचं, आणि फारुक वैतागून म्हणायचा, "सायकलवाल्यांना एक वेगळा रस्ता पायजे गो, झाडांखालनं!" नगरपालिकेनं तो आता केला होता, चांगला डांबरी. पण ज्याला हवा होता तोच त्यावर नव्हता. त्यानं एकदा इथं यावं, हा वारा त्याच्या तोंडाला लागावा, एवढं एकच तिला हवं होतं. त्यासाठी तिचा जीव नुसता तुटत होता.

उंडीच्या झाडाखाली नगरपालिकेचा सदू माळी रोपांना पाणी घालत होता. तिचा शेजारीच तो.

"थांबा मास्तरीणबाय! ह्या उंडीचं सांगितलात काय फारुकशेटना?"

"तुम्हीच सांगा की." तिनं सायकल थांबवून टेप पुढं धरला.

सदूनं घसा खाकरला. "नकाशात रस्ता सरळ व्हता. मधे उंडी आली. तर आमचे इंजिनिअर म्हणाले, झाड नाय हलायचं, रस्ता हलवा. म्हणून हा वळसा. ट्रकांच्या सडकेच्या बाजूला करवंदीची जाळी लावली, तीपण त्यांचीच अक्कल."

"आणि तो उतार? तो नीट सांगा."

"उताराचं काय सांगायचं? आधी पायऱ्या व्हायच्या व्हत्या. सायेब म्हणाले, म्हाताऱ्याकोताऱ्यांनी, लहान पोरांनी यायचं कसं? आता सडकेवरनं थेट खाडीपर्यंत चाक गडगडत येतं."

"ऐकलंस फारुक? एकही पायरी नाही!" तिनं टेप छातीशी धरला.

सदूनं मान वळवून रोपांकडं पाहिलं. नवरा लांब असलेल्या बाईची तगमग त्याला कळत होती. मग त्यानं विचारलं, "ईदला येतील ना?"

"मनात आणलं तर आजसुद्धा येतील."

"आज? अहो, कुवेत म्हणजे काय इथलं पावस वाटलं तुम्हांला!" सदू खो खो हसला. "बरं, आमची बायको रुसलीय तुमच्यावर. मुंबईस जाऊन आलात तेव्हापासनं तिला चहाला म्हणून बोलावलं नाय. आली तर दारातनंच वाटेला लावता."

"चिमाला सांगा, रागावू नको. घरात रंगकाम काढलंय, बसायलासुद्धा जागा नाही," इशरत म्हणाली, आणि अजून काही विचारायच्या आत तिनं पेडल मारलं.

पुढच्या बाकापाशी एक म्हातारं जोडपं शेंगा खात बसलं होतं. त्यांच्याकडं न बघता ती पुढं गेली. डोळे भरून आले होते, आणि डोळे पुसायला एक हात सोडला तर सायकल झोकांड्या खाते.

आळीत शिरल्यावर ती उतरली. इकडंतिकडं पाहून दाराचं कुलूप काढलं, सायकल आत घेतली आणि कडी घातली. मागच्या खोलीत खिडक्या लावलेल्या होत्या. टेप उशाशी ठेवून, दिवा न लावताच ती खाटेच्या कडेला टेकली.

"आज तरी चल ना रे," ती म्हणाली. "खुर्ची मी ढकलीन. कुणी काही म्हणत नाही."

"नको गो. लोकांसाठी मी कुवेतलाच बरा आहे," फारुक म्हणाला, आणि आपल्या लुळ्या पायांवरची चादर त्यानं नीट ओढून घेतली.