वडिलांचा रकाना

"या जगातल्या कादंबऱ्या मिळतात का?" असं विचारत चष्मेवाल्यांनी चार घड्यांचा एक कागद पुस्तकांच्या दुकानातल्या टेबलावर पसरला. कागद त्यांच्या मुलीचा होता. सतराव्या वर्षी ती मैत्रिणींबरोबर एक खेळ खेळायची, त्यातल्या तिच्या पात्राची माहिती लिहिलेला. फासे टाकायचे, प्रत्येकीने एका काल्पनिक जगातलं कोणीतरी व्हायचं आणि मिळून गोष्ट पुढे न्यायची, एवढंच त्यांना त्या खेळातलं कळलेलं होतं. तेही भिंतीपलीकडून.

दुकानाची मालकीण स्वतःच तो खेळ खेळणारी निघाली. डॉक्टर रिपोर्ट वाचतात तसा तिने कागद वरून खाली पाहिला आणि त्यांना एका कपाटाकडे नेलं. अख्खं कपाट त्या एकाच जगाचं. नकाशा एक, राजे तेच, देव तेच; लिहिणारे मात्र पन्नासेक. एकाने अर्ध्यावर सोडलेलं माणूस दुसऱ्याने उचलून पुढे न्यायचं, असा तिथला रिवाज. चष्मेवाले बघतच राहिले. आयुष्यभर आपल्या चष्म्याच्या दुकानात लोकांना 'हे स्पष्ट दिसतं की ते' विचारत आलेला हा गृहस्थ, त्याला आज काहीच धड दिसेना.

कुणाला भेट द्यायची आहे का, असं मालकिणीने विचारलं. तसं काही नव्हतं. त्यांना स्वतःलाच वाचायची होती. शुक्रवारी ते मुलीकडे चार दिवस राहायला निघाले होते, बायको गेल्यानंतर पहिल्यांदाच. बायको होती तोवर बोलायचं खातं तिचं. फोन ती धरायची, हे मागून 'बरी आहे ना, विचार' म्हणायचे, की यांचं बापपण पार पडलं. आता फोनवर जेवलीस का, जेवले, थंडी आहे का, आहे, इथवर गाडी येते आणि थांबते. फोनवर तेवढ्यावर भागतं. पण चार दिवस समोरासमोर बसून काय बोलायचं, या धास्तीने त्यांनी मुलीचं जुनं कपाट उपसलं होतं. तिला आवडलेलं एखादं तरी गाव आपल्याला माहीत असावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

हे सगळं काही त्यांनी मालकिणीला सांगितलं नाही. जेवढं सांगितलं, त्यावरून ती उरलेलं समजली.

मुलगी खेळात बंदरावरची चोर होती, तेव्हा बंदराच्या कादंबऱ्या बघू, असं मालकीण म्हणाली आणि कागदावरचे रकाने मोठ्याने वाचू लागली. नाव, वय, हत्यार, कशाची भीती वाटते. मग एक रकाना तिने गाळला.

"तेही वाचा," चष्मेवाले म्हणाले. "मी घरी वाचलंय."

तिने वाचलं. "आई : बंदरावर जाळी विणते. हिची चोरी माहीत आहे, पण रागावत नाही. वडील : वारले. कसे ते नंतर ठरवू."

मालकिणीने लगेच सारवासारव केली. असं सगळेच लिहितात. घरी आईबाप धडधाकट असले तर कोण कशाला भुयारात मरायला जाईल? तिने स्वतः तिच्या कागदावर दोघांनाही आगीत घातलं होतं, आणि दोघं या घडीला आतल्या खोलीत टीव्ही बघत बसले होते.

"पण हिने आईला ठेवलंय," चष्मेवाले म्हणाले.

खऱ्या घरात नेमकं उलटं झालं होतं. उरायचं नव्हतं ते माणूस मागे उरलं, असं मुलीला वाटत असेल, ही एकच भीती कागद सापडल्यापासून त्यांना खात होती.

मालकिणीने तीन पुस्तकं मांडली. पहिलं सगळ्यांत छान, तिने स्वतः सात वेळा वाचलेलं. चष्मेवाल्यांनी एवढंच विचारलं, की यात चोराला वडील आहेत का. नव्हते, पहिल्या पानाआधीच बुडाले होते. दुसऱ्यात होते, पण ते राजे, आणि मुलाच्याच हातून मरायचे. तिसऱ्यात शाप लागून दगड झालेले. तिने आणखी चार काढली. एवढं मोठं जग, त्यात अजगर हजार हजार वर्षं जगतात, पण बाप म्हणून कुणी शंभर पानं टिकत नव्हता.

शेवटी तिने खालच्या फळीवरून एक बारकं, पिवळं पडलेलं पुस्तक ओढलं. लिहिणाऱ्याने हे एकच लिहिलं आणि मग थांबला, ते फार बरं झालं, असं तिचं मत होतं. लढाया कंटाळवाण्या, भाषा रडकी. पण बंदर तेच, चोर मुलगीच, आणि तिला बाप आहे.

"काय करतो?"

"काही नाही. घरी असतो. ती आली की दार उघडतो. दोनदा उघडतो, मला वाटतं."

"आणि मरतो कधी?"

तिने शेवटची पानं चाळली, मग मधली, मग पुन्हा शेवटची.

"मरत नाही," ती म्हणाली. "मुलगी जहाजात बसून निघून जाते. त्यानंतर त्याचा उल्लेखच नाही कुठे. लिहिणारा विसरला असणार त्याला. पुढेही कुणी उचलला नाही."

मुलीशी बोलायचं असेल तर काकांनी पहिलंच पुस्तक घ्यावं, असं तिने पुन्हा पुन्हा सांगून पाहिलं. ते मुलीने नक्की वाचलेलं असेल. हे तिला नावानेसुद्धा माहीत नसणार. चष्मेवाल्यांनी मालकिणीचं सगळं ऐकून घेतलं आणि बारकं पुस्तक उचललं.

"हेच द्या," ते म्हणाले. "तिला विचारीन म्हणतो, त्या बापाचं पुढे काय झालं असेल."