शाळेला आलेला हापूस

बापूशेठनी आपल्या बागेतल्या हापूसचे दोन क्रेट शाळेला दिले. मुलांसोबत फोटो काढून झाला. मग पोषण आहार शिजवणाऱ्या सुगंधामावशीने आंबे चिरायला घेतले, तर एकेक आतून सडका निघाला. तिने दोन्ही क्रेट परत शेठच्या गाडीत चढवले.

"ह्ये मी पोरांना घालायची नाय."

"फुकट दिलं तरी खोड काढतेस? उद्यापासून माझ्या बागेत पेट्या भरायला येऊ नकोस."

"नाय येत."

दुसऱ्या दिवशी, ऐन हंगामात, बागेत कुणीच फिरकलं नाही. शेठनी मुकादमाला फोन लावला. "अरे, एका बाईला काढलं. बाकीचे कुठे मेले?"

"शेठ, माझी पोरगी त्याच शाळेत चौथीत हाय," मुकादम म्हणाला. "मी पण येत नाय."