मॅडमचं म्हणणं

"नव्या मॅडमनी पाच मिनिटांत पंप चालू करून दाखवला," जेवता जेवता नवरा म्हणाला.

ती वाढत होती. हात थांबला नाही, पण कान टवकारले.

पंप म्हणजे रुग्णाच्या शिरेत थेंबाथेंबाने औषध सोडणारं यंत्र. त्याच्या पोटातला मूळ प्रोग्राम, म्हणजे कर्नल, नवऱ्याकडे होता आणि महिनाभर त्याने नवऱ्याला सळो की पळो करून सोडलं होतं. कंपायलरने कोड जसाच्या तसा यंत्राच्या भाषेत उतरवला, की पंप चाले, पण गोगलगायीसारखा. ऑप्टिमायझेशन चालू केलं, म्हणजे कंपायलरला अनावश्यक ते छाटून वेग वाढवायला सांगितलं, की पंप मध्येच गोठून जाई.

"काय केलं त्यांनी?" तिने विचारलं.

"ऑप्टिमायझेशन बंद केलं. म्हणाल्या, हळू चालला तर चालू दे."

"आजार म्हशीला आणि औषध पखालीला."

नवरा हसला. मॅडम फार हुशार आहेत, म्हणाला. अशी बाई आपण पाहिली नाही, असंही म्हणाला आणि ताक मागितलं.

तिने ताक जरा जोरातच ठेवलं.

लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं तिने कंपायलर बनवणाऱ्या कंपनीत काम केलं होतं. मुलगी झाली तेव्हा नोकरी सोडली. आता मुलगी दिवसभर शाळेत असे. पुन्हा काम धरण्याचा विषय तिने दोनदा काढला, तेव्हा नवऱ्याने मायेने समजावलं होतं. जग फार पुढे गेलंय, नव्या लोकांपुढे तुझीच दमछाक होईल, जरा थांब. ती थांबली होती.

दुसऱ्या दिवशी टेबल पुसताना तिला कोडचे कागद दिसले. नवरा हल्ली ते घरी आणत असे आणि सकाळी विसरून जात असे. तिने फडकं बाजूला ठेवलं आणि खुर्ची ओढली.

दुपार कशी सरली ते कळलं नाही. कर्नल मेमरीतल्या एका खुणेची वाट बघत होता. औषध संपत आलं की सेन्सर ती खूण बदलत असे. पण कंपायलरला सेन्सर कुठला दिसायला? या ओळींत तर खुणेला कुणीच हात लावत नाही, असं पाहून तो ती एकदाच वाचून घेई आणि पुढे आपल्याजवळची जुनी नक्कलच बघत बसे. खूण दर वेळी ताजी वाच, एवढंच त्याला बजावायचं होतं. एका शब्दाचं काम. तिने तो पेन्सिलीने ओळीशेजारी लिहिला.

"तुझ्या मॅडमना दाखव," संध्याकाळी ती म्हणाली.

पंप चालला, तोही पूर्ण वेगाने. मॅडम काय म्हणाल्या, हे मात्र तिला नवऱ्याला खोदून खोदून विचारावं लागलं.

"म्हणाल्या, शब्द अंदाजाने सापडला असेल."

ते तिच्या जिव्हारी लागलं.

मग तसंच सुरू झालं. दर थोड्या दिवसांनी पंपाचं नवं दुखणं घरी येई आणि त्याच्यासोबत मॅडमचं म्हणणं. ते नेहमी वीतभर चुकलेलं असे आणि ते खोडून काढल्याशिवाय तिला चैन पडत नसे. तिने नवी पुस्तकं मागवली, दुपारची झोप सोडली. आरशासमोर उभी राहिली की मनात यायचं, मॅडम किती वर्षांच्या असतील? कपडे कसे घालत असतील? नवऱ्याला विचारलं तर तो म्हणे, मी कुठे बघतो. त्या उत्तराने तर ती आणखीच जळे. त्याचे शर्ट धुवायला टाकण्याआधी ती हुंगून बघू लागली आणि स्वतःचीच तिला लाज वाटू लागली.

शेवटची अडचण सगळ्यांत वाईट होती. पंप कधीमधी बंदच पडे. मॅडम म्हणाल्या होत्या, दोष कंपायलरचाच आहे, तो बनवणाऱ्यांना अक्कल नसते.

त्या दिवशी ती जेवली नाही. चूक सापडली ती कर्नलमध्येच. औषधाची नोंद आधी वापरली जात होती आणि ती आहे की नाही, हे नंतर तपासलं जात होतं. "आधी घरात शिरायचं आणि मग दाराला कुलूप आहे का बघायचं," तिने नवऱ्याला सांगितलं. "कंपायलर म्हणतो, शिरलात म्हणजे कुलूप नसणारच. तपासणी टाकली काढून. अक्कल कुणाला नाही, ते विचार त्यांना."

नवऱ्याने मान डोलावली आणि कागद नीट घडी करून बॅगेत ठेवला.

पंप सगळ्या चाचण्यांत खरा उतरला. नवऱ्याच्या ऑफिसमध्ये कुटुंबांसह चहापान ठरलं. तुला कंटाळा येईल, नवरा म्हणाला. पण साहेबांनी स्वतः तिला फोन करून आग्रह केला होता, आणि तसं नसतं तरी ती गेलीच असती. तिने ठेवणीतले कपडे घातले. काय बोलायचं ते मनात घोकून ठेवलं.

हॉलमध्ये ती प्रत्येक बाई न्याहाळत होती. एक हिशेब विभागातली निघाली, एक स्वागतकक्षातली. बाकीच्या कुणाच्या ना कुणाच्या बायका. पलीकडे नवरा लोकांशी हस्तांदोलन करत होता. तेवढ्यात साहेब चहाचा कप घेऊन तिच्याजवळ आले.

"वहिनी, कुणाला शोधताय?"

"कर्नलच्या नव्या मॅडम दिसत नाहीत."

"कोण मॅडम?" साहेब गोंधळले. "कर्नल तर तुमचे हे एकटेच सांभाळतात. मी दोनदा मदतीला माणूस देऊ केला, ह्यांनीच नको म्हटलं. म्हणाले, घरी गेलं की माझं डोकं जास्त चालतं."