आपलं आपल्यात

"उत्तरा कामाच्या नादात जेवायचं विसरते. तिनं तब्येतीकडे लक्ष द्यायला हवं," लुंबिनी म्हणाली.

"अरे, तो फिर आज से इसकी थाली मेरी!" नीरज म्हणाला. सगळे हसले. उत्तराही हसली.

साहनी सर मात्र हसले नाहीत. "हा दोष झाला का?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

लुंबिनी ओशाळली. पण काल असंच ठरलं होतं. कॅन्टीनमध्ये उत्तराच म्हणाली होती, "यार, सरांसमोर काहीतरी किरकोळ सांगू. खरं काय ते आपलं आपल्यात. डन?" गुरुग्रामच्या त्या बिझनेस स्कूलमध्ये मराठी बोलणाऱ्या या दोघीच. ठरवायला चहा निवेपर्यंतचाही वेळ लागला नव्हता.

तिथली पद्धत अशी, की प्रकल्प संपला की गटातल्या चौघांनी गोल करून बसायचं आणि एकमेकांचा एक गुण, एक दोष तोंडावर सांगायचा. ऐकणाऱ्याने खुलासा करायचा नाही, वाद घालायचा नाही. पोलंडहून आलेली मार्टा याला सरावलेली होती. मघाशी तिने 'दुसऱ्याचं काम तू स्वतःचं म्हणून दाखवतोस' असं नीरजला सुनावलं आणि लगेच ती त्याच्याच बाटलीतलं पाणी प्यायली. चौघांतल्या एकाला पुढच्या सहामाहीसाठी फ्रान्सला पाठवायचं होतं. कोणाला, ते सर आजच्या बोलण्यावरून ठरवणार होते.

"उत्तरा, आता तू. लुंबिनीबद्दल."

उत्तराने खुर्ची थोडी पुढे ओढली.

"लुंबिनी माझी मैत्रीण आहे, म्हणून प्रेमानेच सांगते." तिचं इंग्रजी नेहमीसारखं गुळगुळीत होतं. "तिच्याइतका अभ्यास आमच्यात कोणी करत नाही. पण ताण आला की ती कोसळते. फरीदाबादच्या कारखान्यात मालकांसमोर बोलायची वेळ आली, तेव्हा ती बाथरूममध्ये रडत होती. मी तिला सावरलं. परक्या देशात एकटीने तिचं कसं होईल, याची मला काळजी वाटते."

मार्टाने मान हलवली. नीरज बुटाच्या टोकाकडे पाहत राहिला. सर लिहून घेऊ लागले.

ती रडली होती, हे खोटं नव्हतं. पण तोंड धुऊन बाहेर आल्यावर सगळं सादरीकरण तिनेच केलं होतं आणि मालकांनी उठून तिच्याशी हात मिळवला होता. तेवढं उत्तराने सांगितलं नाही.

"सर..." लुंबिनीने तोंड उघडलं.

"खुलासा नको," सर सौम्यपणे म्हणाले. "फक्त ऐक. अवघड असतं, मला माहीत आहे."

लुंबिनीने तोंड मिटलं. आता इंग्रजीत एक वाक्य जरी बोललं तरी रडू फुटेल, आणि रडू फुटलं की उत्तराचं म्हणणं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत खरं ठरेल. तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. उत्तरा समोरच बसली होती, काळजीचा चेहरा करून. काल चहा पितानाच हिने हे ठरवलं असेल का?

आवाज जरा ताब्यात आल्यावर ती उत्तराकडे वळली आणि मराठीत, अगदी हळू म्हणाली,

"बाथरूमच्या दाराला कडी तूच लावली होतीस ना गं? कोणाला कळू नये म्हणून?"

उत्तराचा चेहरा हलला. पण क्षणभरच.

"काय म्हणाली ती?" सरांनी उत्तराला विचारलं.

मार्टा आणि नीरजही तिच्याकडे पाहू लागले. उत्तराने पदर सावरावा तशी ओढणी सारखी केली.

"म्हणतेय, मान्य आहे, सर."

"शाबास!" सर लुंबिनीकडे पाहून मनापासून हसले. "इतक्या मोकळेपणाने ऐकून घेणारं माणूस क्वचित भेटतं."

टाळ्या वाजवायला त्यांनीच सुरुवात केली. मार्टाने वाजवल्या, नीरजने वाजवल्या. उत्तराच्या टाळ्या सगळ्यांत शेवटी थांबल्या.